पुसण्याआधीचं आकाश

आमची पहिली भेट म्हणजे मी त्याच्या हातावर दिलेला पाय. तोही सँडलसकट, गडद अंधारात, समोर शाळेची पोरं भरलेली असताना.

मी तारांगणात निवेदिका आहे. घुमटाखालचे दिवे मालवले की माइक हातात घ्यायचा आणि आकाश दाखवायचं, हे माझं काम. त्या दिवशी नेहमीसारखी मी ध्रुवताऱ्याकडे वळले, एक पाऊल मागे घेतलं आणि टाचेखाली काहीतरी मऊ लागलं. "आई गं..." कुणीतरी कळवळलं. मीही किंचाळले, आणि माइक चालू होता. पोरं खिदळायला लागली. मी कशीबशी सावरून म्हटलं, "घाबरू नका हं, आकाशात राक्षस नसतात." तर पायाशी हळूच आवाज आला, "टेबलाखाली असतात."

दिवे लागल्यावर राक्षस बाहेर आला. चष्मा वाकडा, केसांत धूळ, बोटं तोंडात. नव्या यंत्रणेसाठी आलेला ग्राफिक्सचा इंजिनियर होता तो. जुन्या मशीनच्या वायरी बघायला मॅडमनी त्याला खेळ चालू असतानाच आत सोडलं होतं. मॅडम म्हणजे आमच्या संचालिका; त्यांना प्रत्येक काम कालच झालेलं हवं असतं. मी सॉरी म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं, "माणसानं हात जिथे तिथे ठेवू नयेत." तो हसला. माझ्या नाकावर राग असतो हे त्याला तिथल्या तिथे कळलं... आणि ते त्याला आवडलं असावं, असं मला उगाचच वाटत राहिलं.

आता खरी गोष्ट सांगते. ते जुनं मशीन माझ्या बाबांचं होतं. मालकीनं नव्हे, हातानं. बाबा इथेच इंजिनियर होते, आणि घुमटावरचं आकाश त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून उगवायचं. मूळ प्रोग्रॅम ज्या डिस्कवर होता ती केव्हाच खराब झाली. उरलं होतं हे एवढं मशीन, आणि त्यातलं आकाश दुसऱ्या कशावरही चालत नव्हतं. शुक्रवारी भंगारवाले येऊन ते नेणार होते. बाबा हल्ली घरी खिडकीत बसून असतात. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "नेऊ देत. जुनं झालं," आणि त्या दिवसापासून ताटातलं अर्धं तसंच ठेवायला लागले.

मी इंजिनियरला विचारलं, हे आकाश वाचवता येईल का? आवाज मुद्दाम कडक ठेवला होता, पण शेवटच्या शब्दाला कापलाच. त्यानं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. म्हणाला, प्रोग्रॅम नाही वाचणार, पण त्यानं काढलेली चित्रं वाचवता येतील. एकेक करून, सबंध रात्रीची.

मग त्यानं मला समजावलं, अगदी मी शाळेतल्या पोरांना समजावते तसं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे दोन पाट्या घेऊन बसलेला चित्रकार. एक पाटी आपल्याला दाखवतो, तेवढ्यात दुसरीवर पुढचं चित्र काढतो. या पाट्यांना ते लोक फ्रेम बफर म्हणतात. चित्र पुरं झालं की पाट्यांची अदलाबदल, आणि जुनी पाटी पुसून पुन्हा सुरुवात. काढलेलं काही तो जपून ठेवत नाही. आपल्याला हवं असेल तर त्याच्याकडून परत मागून घ्यावं लागतं, पिक्सेल न् पिक्सेल, आणि तेही पुसायच्या आधी.

"मागितलं की लगेच देतो?" मी विचारलं.

"नाही. हातातलं काम आधी पुरं करतो. तोवर मागणाऱ्यानं गप्प थांबायचं."

"तुम्हाला जमतं थांबायला?"

"शिकतोय..." तो म्हणाला, आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसत बसला.

पहिल्या दिवशी हाती आला निव्वळ काळोख. इंजिनियरसाहेबांनी पाटी पुसून झाल्यावर वाचली होती. त्याचे कान लाल झाले, आणि मी उदारपणे चहाचा कप पुढे केला. दुसऱ्या दिवशी मात्र लॅपटॉपवर आकाश उमटलं. माझा जीव भांड्यात पडला. मी वाकून बघायला लागले आणि थबकले. काहीतरी खटकत होतं. वृश्चिकाची नांगी भलत्याच बाजूला वळली होती. मी म्हटलं, हे आपलं आकाश नाही, हे आरशातलं आहे. तो मानेना. वर घुमटाकडे बघितलं, खाली लॅपटॉपकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. कार्ड चित्राच्या ओळी खालून वर मोजतं, आणि यानं त्या वरून खाली मांडल्या होत्या.

"आमच्या धंद्यात ही चूक प्रत्येकजण एकदा करतो," तो म्हणाला. "मी दुसऱ्यांदा केली."

"का बरं?"

"लक्ष नव्हतं. तुम्ही सप्तर्षींबद्दल बोलत होतात."

मी लॅपटॉप स्वतःकडे ओढून नांगी पुन्हा तपासली. ती अजून उलटीच होती.

मग रोज खेळ संपला की आम्ही दोघं घुमटाखाली बसायचो. मशीन चित्र काढायचं, तो मागायचा, आकाश क्षणभर जागच्या जागी थांबायचं आणि पुढे सरकायचं. बाहेर पावसाची भुरभुर असली तर घुमटाच्या पत्र्यावर ती ऐकू यायची. शेजारशेजारच्या खुर्च्यांत माना मागे टाकून आम्ही बाबांची रात्र उतरताना बघायचो. तो विचारायचा, हा कुठला तारा? मी सांगायचे. दुसऱ्या दिवशी तोच तारा तो पुन्हा विचारायचा, आणि मी पुन्हा सांगायचे.

शुक्रवार उजाडला. काम पुरं झालं होतं. संध्याकाळच्या गाडीनं तो परत जाणार होता, आणि याबद्दल आम्ही दोघंही अवाक्षर काढत नव्हतो. त्यानं मोठ्या हौसेनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, साफसुफीही करून टाकली. काळ्या भागात कचरा होता. पिक्सेलच्या उजेडाचा आकडा जिथे शून्य हवा तिथे मध्येच एक, मध्येच दोन, कुठे तीन. जुन्या मशीनचं असं होतं. ते सगळे शून्य केले आणि मूळ फायली काढून टाकल्या.

 बाबांच्या हातचं काम आणि कचरा? जो माणूस भाजीची पिशवीसुद्धा घडी घालून ठेवतो, त्याच्या कामात? मी विचारलं, "तो कचरा एका जागी असतो की हलतो?"

सुरुवातीला तपासायला घेतलेली दोन-चार चित्रं त्याच्याकडे न पुसलेली होती. त्यानं दोन चित्रं एकावर एक ठेवली आणि आलटून पालटून बघितली. मग अगदी हळू म्हणाला, "सरकतोय... आकाशाबरोबर."

त्यानं ते बारके आकडे वाढवून उजळ केले आणि पडद्यावर जे आलं ते बघून मी खुर्चीचा हात घट्ट धरला. जिथे मी पोरांना इतकी वर्षं रिकामा काळोख म्हणून दाखवत आले, तिथे तारेच तारे होते. बोट ठेवायला जागा नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत आकाशगंगा पसरलेली, तिच्यातल्या काळ्या भेगांसकट. इतका मंद उजेड आमचा जुना प्रोजेक्टर टाकूच शकत नसे. बाबांनी तरीही सगळे काढले होते. ते रोज घुमटावर उगवत होते, रोज मावळत होते, आणि एकाही माणसाला दिसले नव्हते.

"तू बघ..." तो कुजबुजला. "इकडे बघ तू." तुम्हीचं तू झालेलं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आणि मग आलं ते दुसरंच. हे सगळं त्यानं पुसलं होतं. "न विचारता पुसलंस?" मी म्हटलं. 

त्यानं सारवासारव केली नाही. "चुकलं माझं. मला दिसलं नाही म्हणजे काही नाहीच, असं धरून चाललो मी."

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भंगारवाले आले होते. सगळं पुन्हा वाचायचं तर सलग बसूनही संध्याकाळ होणार होती.  तो उठला, वाचन नव्यानं सुरू केलं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन सरळ त्या मशीनच्या कपाटावर जाऊन बसला. भंगारवाल्यांनी उठायला सांगितलं तर म्हणाला, न्यायचंच असेल तर मला यासकट उचला. मॅडम तावातावानं आल्या. त्यानं त्यांना नम्रपणे सांगितलं की त्याची गाडी चुकली तरी चालेल, पण हे वाचून होईपर्यंत तो उठणार नाही. मॅडम लॅपटॉपवरच्या त्या उजळलेल्या आकाशात डोकावल्या. पुन्हा वाकून नीट बघितलं. मग भंगारवाल्यांना म्हणाल्या, "बसा जरा. खुर्च्या रिकाम्याच आहेत."

ते बसले, मॅडमही बसल्या. बाबांच्या मशीननं शेवटची रात्र आम्हा सगळ्यांसमोर काढली. वृश्चिक सरळ आला, काळोख जसाच्या तसा आला, आणि तो मान हलवून म्हणाला, "आलं सगळं." शेवटचं बटण मीच दाबलं. भंगारवाल्यांनी ते कपाट इतक्या जपून उचललं की मला भरून आलं. त्याची गाडी केव्हाच गेली होती.

नवा प्रोजेक्टर लावायला तो पुन्हा आला, आणि त्या दिवशी मी बाबांना घेऊन आले. बाबा कुरकुरत आले. मधल्या खुर्चीत मी, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला तो. त्यानं दिवे मालवले.

आधी ओळखीचे तारे आले. मग डोळे अंधाराला सरावले आणि त्यांच्या मागून बाकीचे यायला लागले... येतच राहिले. घुमट उरलाच नाही. बाबांचा हात माझ्या मनगटावर आला. 

"हे मी कधी बघितलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग काढलेत कशाला, दिसणारच नव्हते तर?"

"असतात म्हणून काढले," बाबा म्हणाले. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं तसे.

मी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या बाजूनं अगदी खालच्या आवाजात आलं, "मलाही एक सांगायचं होतं."

"काय? इतके दिवस तर काही दिसलं नाही."

"दिसलं नसेल. पण होतं. टेबलाखाली होतो त्या दिवसापासून."

"अरे, मग जरा मोठ्यानं सांग," बाबा वर बघतच म्हणाले. "आमच्या घरात सगळं उशिरा कळतं."

मी अंधारात चाचपडत त्याची बोटं शोधली, तीच, ज्यांच्यावर मी पाय दिला होता, आणि हातात धरली.

"दुखतं का अजून?"

"थोडंसं," तो म्हणाला, आणि हात काढून घेतला नाही.