पहिल्या आवृत्तीचा शोध

काउंटरवर आम्ही दोघांनी एकाच वेळी एकसारखं खोकं आपटलं.

"हे चालत नाही," मी म्हणाले.

"हे चालत नाही," शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस म्हणाला.

दुकानदारानं आळीपाळीनं पाहिलं. "जोडीनं आलात का?"

"नाही!" — तेही एकदमच.

खोक्यात होता नखाएवढा यूएसबी वायफाय अडॅप्टर. बाबांच्या कॉम्प्युटरसाठी. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, बाबांनी स्वतः बसवलेलं. राउटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या. बाबा गेल्यावर मधली लांब वायर आईच्या पायात आली, आई पडता पडता वाचली आणि वायर निघाली. इंटरनेटशिवाय कॉम्प्युटर म्हणजे नुसती अडगळ, असं दादाचं मत. उद्या रविवारी येऊन तो त्यावरचं सगळं पुसणार होता आणि कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकणार होता. मला माझी भाषांतरं तिथेच बसून करायची होती. बाबांनी मांडून ठेवलेल्या त्या पडद्यासमोर.

"लिनक्स?" शेजारच्यानं विचारलं.

"तुम्हीसुद्धा?"

"आमच्या शाळेची अख्खी लॅब. शिकवतो मी भूगोल, पण शाळेत कुठे वायर दिसली की मलाच हाक मारतात."

"माझं आधी चाललं. तो चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, कुठून तरी उतरवून बसवला होता. मग अपडेट आलं आणि यानं मान टाकली."

"माझा हा मात्र लावला की सुरू!" त्यानं खिशातून आणखी एक काढला. "तेच नाव, तेच रूप. म्हणून आणखी नेले... त्यातला एक चालेल तर शपथ."

मी तो आणि दोन्ही खोक्यांतले तळहातावर घेतले. पुस्तक हाती आलं की आधी आवृत्तीचं पान बघायचं, ही माझी खोड. उलटे करून बारीक अक्षरं वाचली.

"सर, तुमचा पहिल्या आवृत्तीचा. बाकीचे दुसऱ्या."

"म्हणजे नाव तेच ठेवून आतली चिप बदलली!" त्यानं कपाळावर हात मारला. "पहिल्या चिपचा ड्रायव्हर लिनक्समध्ये मुळातच असतो. वेगळं काही बसवावंच लागत नाही."

"नवी म्हणजे सुधारित आवृत्ती," दुकानदार फणकारला.

"सुधारून बिघडवलेली," मी म्हणाले. मग कुठून धीर आला कोण जाणे... "आणि सर, तुम्ही कुठली आवृत्ती?"

"पहिलीच," तो गंभीरपणे म्हणाला. "अजून एकही प्रत खपलेली नाही."

दुकानदाराला ठसका लागला.

दुकानाच्या मागच्या खोलीत जुना माल पडला होता. आम्ही फरशीवर बसून एकेक खोकं उलटं करत गेलो. धुळीनं दोघंही शिंकत होतो. एका खोक्यावर दोघांचे हात एकदम पडले आणि... कुणालाच घाई नव्हती.

"पहिली," तो हळूच म्हणाला. त्याची नजर खोक्यावर नव्हती.

शेवटी त्याच्या लॅबपुरते निघाले, आणि माझा एक.

"घरी येऊन पाहू का? — अडॅप्टर म्हणतोय मी."

दार आईनं उघडलं. "वायरवाले का?"

"नाही काकू, बिनवायरचा."

आई हसली. कितीतरी दिवसांनी.

अडॅप्टर लावला. इवलासा दिवा लुकलुकला, पासवर्ड विचारला, जोडलं गेलं. अपडेट घेतलं. बंद केलं, सुरू केलं. जोडलेलं! अडॅप्टर उपटून पुन्हा खोचला. जोडलेलं!

"चाललं!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारचं दार उघडलं.

आईनं लगेच दादाला फोन लावला. "उद्या जेवायला ये. कॉम्प्युटर न्यायला येऊ नकोस. तो कामात आहे."

निघताना तो दारात रेंगाळला. एक बूट पायात, एक हातात.

"फारच पक्कं चालतंय हो," तो म्हणाला. "जरा अडखळलं असतं तर... यायला कारण तरी उरलं असतं."

"कारणाशिवाय या ना."

"उद्या?"

"उद्या दादा असेल."

"मग तर यायलाच हवं."

आतून आईचा आवाज आला. "अगं, उद्यापर्यंत कशाला ताटकळवतेस त्याला? आत्ताच थांबव की!"

मी काही बोलायच्या आत त्यानं पायातला बूट काढला.