सभेची काठी

"ताई, काठी गेली!"

धाकटा धापा टाकत आला तेव्हा टाचणीच्या हातात नाश्त्याचा शेवटचा घास होता. तो ताटात पडला.

टाचणी म्हणजे त्याची थोरली बहीण. बोलणं टोचरं, म्हणून वसतिगृहात हे नाव पडलेलं.

"सभेची काठी? अरे, आज तुझी सुनावणी!"

"म्हणूनच सगळे म्हणतायत, मला वाचवायला तूच लपवलीस."

टाचणीचं डोकंच फिरलं.

या शाळेत मुलांचा कारभार मुलांच्याच हातात. खोल्यांना कुलपं नाहीत, परीक्षेला वर्गात मास्तर नाहीत. कुणी चुकलं तर मुलांनी निवडलेल्या पाच जणांची सभा बसायची. काठी ज्याच्या हातात तो बोलणार, खरं बोलणार, आणि त्याला मध्ये कुणी तोडायचं नाही. काठीला हात लावायच्या आधी सभासदानं छातीवरचा बिल्ला काढून दाराशी ठेवायचा. काठीपुढे सगळे सारखे. आणि काठी नाही तर सभा नाही.

धाकट्यानं गणिताच्या पेपरात कॉपी केली होती. उत्तरं कुणी पुरवली ते तो सभेतच सांगणार होता. इतर कुठंही नाव घेणं म्हणजे चुगली, असं त्याचं डोकं. कबुली देणाऱ्याला सभा शाळेत ठेवायची. पण मधल्या सुट्टीपर्यंत सभा बसली नाही तर प्रकरण मोठ्या बाईंकडे. आणि बाई सरळ घरी पाठवायच्या.

टाचणी सभागृहाकडे पळाली. दारात रंगारीकाका ब्रश धूत होते. आठवडाभर रंगकाम चाललेलं, रंगाच्या वासाचं कुणाला काही वाटेनासं झालेलं.

"काका, काठी पाहिलीत?"

"नाश्त्याच्या आधी ही दाराजवळची फळी रंगवली, तेव्हा होती की खुंटीवर. पण बघ, कुणीतरी फळीची वाट लावली! हिरव्यावर हिरवाच दिलाय, तरी ओला आहे हे कळू नये?"

ओल्या रंगात बाटलीच्या बुचाएवढा गोल ठसा होता.

"तुमच्या डब्याचा?"

"माझा डबा एवढुसा आहे का गं?"

व्हरांड्यात सभेचे पाचही जण उभे होते. चौघांनी गारठ्यानं हात स्वेटरच्या बाह्यांत ओढलेले. सभेचा प्रमुख, ज्याला सगळे प्रमुखदादा म्हणायचे, नुसत्या शर्टावर. त्यावर बिल्ला चमकत होता.

"खोल्या बघू या," टाचणी म्हणाली.

"झडती? आपल्या शाळेत? इथं विश्वासावर चालतं."

"विश्वासाच्या नावानं चांगभलं! तू आत गेला होतास?"

"नाही. दारातूनच रिकामी खुंटी पाहिली."

"नाश्त्यातून कोण कोण उठलं?"

"कोण नाही उठलं? मीही उठलो, पाणी आणायला. पण भाऊ तुझा आहे, टाचणे. लोक काय म्हणतील?"

"सभा बसली तर तो वाचतो! मी माझ्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

"ओरडू नकोस." त्याचे दात वाजत होते.

"स्वेटर घाल आधी. गोठशील."

"उकडतंय मला."

टाचणीनं जिन्याखाली पाहिलं, रंगमंचामागं पाहिलं, खेळाच्या सामानात हात घातला. धूळ, कोळिष्टकं आणि एक फाटका बूट. तिनं बादलीला लाथ मारली. पायच दुखला.

"ताई, राहू दे ना."

"गप! कॉपी करताना नाही सुचलं, राहू दे?"

सुट्टी जवळ आली. सभेतली एक मुलगी खुंटी पुन्हा बघायला आत शिरली. शिरता शिरता तिचा हात सवयीनं छातीकडे गेला. बिल्ला काढला, फळीकडे नेला.

"अगं ए, ओलं आहे!" काका ओरडले.

टाचणी जागीच थांबली. मग वळली.

"प्रमुखदादा, बिल्ला दे जरा."

त्यानं बिल्ल्यावर तळवा ठेवला. "कशाला?"

"तू आत गेला नव्हतास ना? मग घाबरतोस कशाला? दे."

बाकीचे चौघे बघत होते. त्यानं बिल्ला काढून तिच्या हातात दिला. मागची बाजू हिरवी. शर्टावरही हिरवा डाग.

"वा रे वा!" टाचणी म्हणाली. "चोरी करतानाही रीत पाळलीस. काठी उचलायच्या आधी बिल्ला काढलास, नेहमीसारखा फळीवर ठेवलास. गडबडीत रंग दिसलाच नाही. बिल्ला परत लावलास आणि स्वेटरला डाग पडला. म्हणून तुला गारठ्यात उकडतंय."

"मी कशाला चोरीन काठी?"

"कारण बाईंपुढे हा मुका राहिला असता. काठी हातात आली असती तर उत्तरं पुरवणाऱ्याचं नाव सांगितलं असतं. तुझं. पुढच्या निवडणुकीसाठी हा तुझ्यासाठी मतं गोळा करत फिरतोय, हाच सौदा ना?"

धाकट्यानं मान खाली घातली. प्रमुखदादानं शेवटी सांगून टाकलं.

"माझ्या गादीखाली आहे. झडती होत नाही ना आपल्याकडे."

सुट्टीची घंटा व्हायच्या आत सभा बसली. धाकट्यानं काठी धरली. "उत्तरं दादानं दिली," तो म्हणाला. "पण लिहिली मी. चूक माझीच."

चौघांनी हात वर केले. तो शाळेत राहिला. टाचणीला त्याला मिठी मारावी की कानाखाली द्यावी, कळेना.

मग काठी प्रमुखदादापुढे धरली गेली. घेण्याआधी त्याचा हात सवयीनं छातीवर गेला, बिल्ला शोधत राहिला.

बिल्ला टाचणीच्या मुठीत होता.