उंब्रजची लाइन

सत्त्याण्णव साली सांगलीत कृष्णेच्या पाणीपातळीचे आकडे गोळा करणारी यंत्रणा मी उभारत होतो. वरच्या गावांतल्या चौक्यांवर एकेक संगणक, तिथून टेलिफोनची कायमची लाइन आणि माझ्या टेबलाशेजारी सर्व्हर. हे सगळं जोडणारी लायब्ररी मी सी भाषेत लिहिली होती. ती कळणारा दुसरा माणूस त्या कार्यालयात नव्हता आणि हे मी कुणापासून लपवत नसे. हाताखालच्या चारुलताला सगळे हुशार म्हणत. तिला सॉकेट म्हणजे भिंतीतलं माहीत होतं.

उंब्रजच्या चौकीवर राजाराम होता. सातवी शिकलेला. वीस वर्षं पुलाच्या खांबावरची पट्टी वाचून फोनवर आकडा सांगायचा. आता तोच आकडा एका बोटाने टंकायचा. एवढ्या कामाला माणूस कशाला लागतो, हे मला कधी समजलं नाही.

दोन आकड्यांमध्ये तीन तास लाइन गप्प असे. तेवढ्यात पलीकडचं यंत्र बंद पडलं तरी इकडे पत्ता लागत नसे. त्यासाठी सॉकेटला, म्हणजे जोडणीच्या आपल्याकडच्या टोकाला, एक पर्याय लावता येतो, कीप-अलाइव्ह. आपलं यंत्र मधूनमधून रिकामं पाकीट पाठवून विचारतं, आहेस का? पलीकडचं यंत्र परस्पर उत्तर देतं. पडद्यावर काही उमटत नाही, आवाज होत नाही. माणसाचा त्यात संबंधच नाही. मी तो पर्याय लावला आणि मुदत दहा मिनिटांवर आणली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"सायब, राजाराम बोलतोय. मी हाय की हितं. सारखं कशाला इचारताय?"

"कोण विचारतंय?"

"तुमीच. आक्काताईनं वाढलं नि जेवताना चारदा इचारलंसा."

लोक दुपारपासूनच पितात, असं मी चारुलताला म्हणालो. ती हसली नाही. तिने सर्व्हरवरची नोंद उघडली. एक ते एक चाळीस, चार पाकिटं.

योगायोग. मी कुणालाही न सांगता मुदत तीन मिनिटांवर आणली. तासाभराने पुन्हा फोन.

"सायब, जरा दमानं. ईस झाली मगापासनं."

वीसच होती.

मला भीती वाटली नाही. राग आला. मी दोन वर्षं घासून जे लिहिलं, ते या माणसाने बिडी ओढत मोजावं!

"पर बरं वाटतंय," तो म्हणाला. "एवढ्या वर्सांत कुणी इचारलं न्हवतं."

फोन ठेवून मी कोडमधल्या त्या ओळीतल्या एकाचं शून्य केलं; विचारणं बंद.

"सर, राहू दे ना," चारुलता म्हणाली. "त्यांना बरं वाटतं म्हणाले."

"यंत्रणा कुणाला बरं वाटावं म्हणून नसते."

त्या गुरुवारी संध्याकाळी त्याचा शेवटचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"बंद केलंसा व्हय? आता कसं कळायचं, हाय का न्हाई ते?"

"कुणाला कळायचं?"

"मलाच."

मी फोन आपटला.

पुढचे आठ दिवस उंब्रजचे आकडे वेळेवर येत राहिले. बिनचूक. पूर्वी तो हमखास एखादं शून्य जास्त टंकायचा. माणूस सुधारला, असं मी समजलो. शुक्रवारी चारुलताला म्हणालो, "राजारामला फोन लाव. त्याला शाबासकी देऊ."

"कोण राजाराम, सर?"

"उंब्रजचा."

"पण उंब्रजचं तर..." ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून कामाला लागली.

मी तडक एसटी पकडली. आयुष्यात पहिल्यांदाच उंब्रजला उतरलो. चौकी कुठे, ते पानवाल्याला विचारलं, तर तो मी थट्टा करतोय असं समजून हसला. शेवटी एका म्हातारीने दाखवलं. बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्या, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण. एक बाई धुणं वाळत घालत होती. राजाराम फोनवर जिचं नाव घ्यायचा, ती आक्काताई हीच असावी.

"राजाराम आहेत?"

"कोण?"

"नदीची पट्टी वाचतात ते. तुमचे मालक."

ती हसली. "आवं, काय हे? सकाळी तुमीच वाचून आलासा की."

मी तिला बाजूला सारून आत गेलो. टेबलावर संगणक सुरू होता. शेजारी पातळीची वही. त्या शेवटच्या फोनच्या गुरुवारपर्यंतचे आकडे मोठे, तिरके, खाडाखोडीचे.

दुसऱ्या दिवसापासूनचे बारीक आणि सरळ होते. सातच्या पोटातून आडवी रेघ. इंजिनिअरिंगला असल्यापासून मी सात तसाच काढतो.

आज सकाळी सहाचाही आकडा होता. सहा वाजता मी सांगलीत दाढी करत होतो.

बाहेर बादली ठेवल्याचा आवाज झाला.

"पाय धुवा आदी," आक्काताई म्हणाली. "घरभर करू नका."

एसटी स्टँडपासून मी डांबरी रस्त्याने आलो होतो. नदीकडे फिरकलोही नव्हतो.

मी खाली पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि बुटांतून नदीचा लाल गाळ फरशीवर उतरत होता.