तांडेल ऑर्कुटवर येणार का?

"हा म्हातारा ऑर्कुटवर का येत नाही, अल्लाह जाणे!"

शेजारच्या कॉम्प्युटरवरचा तरुण स्वतःशीच पुटपुटला आणि मनालची बोटं कीबोर्डवर थबकली. सायबर कॅफेच्या पत्र्यावर ऑगस्टचा पाऊस धडाधड कोसळत होता. तिने हळूच मान वळवली... त्याच्या स्क्रीनवर चक्क तिचाच ब्लॉग उघडा होता!

"कोण म्हातारा?" न राहवून तिने विचारलं.

"हे तांडेल. मच्छीमार बोट चालवण्यात आयुष्य गेलंय त्यांचं. वादळाबद्दल असं लिहितात, की इथे खुर्चीत बसून मला बोट लागते."

"पण म्हातारे कशावरून?"

"अहो, एवढं तरुण माणसाला ठाऊक असतं होय? पांढरी दाढी असणार, गुडघे दुखत असणार... पैजेवर सांगतो. मी उमेर मुकादम. इथल्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो."

ओढणीआड दाबलेलं मनालचं हसू नाव ऐकताच विरलं. उमेर मुकादम! 'चाचा, ऑर्कुटवर या, तुमच्या वाचकांसाठी मी कम्युनिटी काढलीय,' अशा मेल पाठवणारा तो हाच. आणि त्याला 'बेटा, विचार करून सांगतो,' असं उत्तर देणारा तांडेल म्हणजे... ती स्वतः.

गोष्टी मात्र खऱ्या होत्या. तिचे अब्बा, अयूबभाई, मिरकरवाड्याच्या बंदरातले नावाजलेले तांडेल. ते सांगायचे, ती लिहायची. सुरुवातीला गंमत म्हणून तिने त्यांच्या तोंडून लिहिलं. मग वाचक वाढले आणि गंमत अंगाशी आली. ऑर्कुटवर नाव कुणाचं घालणार, चेहरा कुणाचा लावणार? आजवर एकदाही बोटीत पाय न ठेवलेल्या मुलीने आपल्याला बनवलं, असंच म्हणतील ना सगळे? आणि उमेर?

उमेर तर आता रोज भेटत होता. तिच्यासाठी खिडकीजवळची खुर्ची धरून ठेवायचा.

"तुम्ही सांगा ना, चाचांना कसं पटवू?" तो विचारायचा.

"इतका जीव का टाकता त्यांच्यावर?"

"माणूस मायेचा वाटतो... तुमच्यासारखा." एवढं बोलून तो उगाचच माऊस पुसत बसायचा. मनाल मात्र घाईने आपल्या स्क्रीनकडे वळायची.

शेवटी एका सकाळी तिने पडवीत बसलेल्या अब्बांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी एक गोष्ट वाचून दाखवायला लावली आणि डोळे मिटून ऐकली.

"मी असा कधी बोललो गो?" ते म्हणाले. "मी म्हटलं असेन, वारा फिरला. तू तर अख्खी बोट हलवलीस! नाव तुझं घाल, पोरी. लाजतेस कशाला?"

त्याच दुपारी तिने उमेरला मांडवीच्या जेट्टीवर बोलावलं. पाऊस थांबला होता, वारा नव्हता.

"तुमचे चाचा... मीच आहे," ती एका दमात म्हणाली. "गोष्टी अब्बांच्या आहेत, पण लिहिणारी मी."

उमेर कठड्यावर मटकन बसला.

"म्हणजे मला 'बेटा'... तुम्ही म्हणायचात?"

"हो..."

"'पाऊस आहे बेटा, कानटोपी घाल' — तेही?"

"तेही." मनालचा चेहरा लालबुंद झाला. "रागावलात?"

"रागावलो आहेच थोडा. पैज हरलो ना!" आणि मग तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "पण सुटलो हो मी! सकाळी बघायचो चाचांची मेल आली का, दुपारी बघायचो तुम्ही आलात का. जीव एकदम दोन माणसांत अडकलेला! म्हटलं, माझं काही खरं नाही. आता कळलं... एकाच माणसात अडकलाय."

मनालने इतके दिवस कोंडलेला श्वास सोडला. हसता हसता तिलाच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिने ब्लॉगवर सारं खरं लिहिलं. खाली स्वतःचं नाव घातलं. एकदोघांनी नाकं मुरडली. बाकीच्यांनी अब्बांना सलाम कळवून विचारलं, पुढची गोष्ट कधी? मनालला एकदम पिसासारखं हलकं वाटलं. तिथेच, कॅफेत बसून तिने ऑर्कुटचं खातं उघडलं: मनाल अयूब, रत्नागिरी.

उमेरची खुर्ची जरा जवळ सरकली.

"फ्रेंड रिक्वेस्ट... पाठवू?"

"नको." ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. कानाच्या पाळ्या मात्र तापल्या होत्या.

"नको?"

"इथे कशाला?... तुमच्या अम्मीला आमच्या घरी पाठवा."