बर्फावर पट्टा लावायचा नाही

ज्याला हे खोटं वाटतं, त्याने रेयो हुत्तुनेनची मान बघावी.

डाव्या कानाखालून घशापर्यंत दोन बोटं रुंद वळ आहे. चार वर्षं झाली, गेलेला नाही. भर उन्हाळ्यात हा माणूस मफलर गुंडाळून हिंडतो. कुणी विचारलं तर आईवरून शिवी देतो.

मी त्याच गावात राहतो. रेयो बोलला तो दारू चढल्यावर. त्याची पोरगी मिरका शुद्धीत बोलली. बाकीचं म्हाताऱ्या उर्होने सांगितलं. मी पदरचं काही घातलेलं नाही.

फेब्रुवारीतला शनिवार. कुओपिओ शहराच्या वरच्या अंगाला असलेलं हल्लालाम्पी तळं. दुपारचे चार वाजलेले, म्हणजे उजेड मरायला लागलेला.

तळं गोठलं की उर्हो ट्रॅक्टरने बर्फ सारून गोल वाट काढतो आणि गावातली माणसं तिथे गाड्या आडव्या घालायचा, म्हणजे मुद्दाम घसरवत वळवायचा सराव करतात. जिथे ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ पातळ. तिथे उर्हो खूण म्हणून स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवतो. फांद्यांपलीकडे कुणी जात नाही. आणि बर्फावर कुणी सीटचा पट्टा लावत नाही. गाडी खाली गेली तर उडी मारता यायला हवी. काचा खाली, पट्टा सुटा, गळ्यात दोरीला लोखंडी टोचे. पाण्यात पडलंच तर बर्फात रोवून बाहेर यायला. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

रेयोची गाडी दोन माणसांची, नारिंगी, पंचेचाळीस वर्षांची. सगळा जोर मागच्या चाकांना. एका गोठ्यात गवताखाली कुजत पडली होती. रेयोने दोन हिवाळे खपून ती जिवंत केली. इंजिन उघडलं, तळाचा गंज कापला, पट्टे नवे बसवले.

"रेयो, लेका," शेकोटीवर सॉसेज भाजत उर्हो म्हणाला, "कालेर्वोची गाडी ना ही?"

"होती. आता माझी आहे."

"ती एकदा या तळ्यात बुडाली होती. मागून ओढून वर काढली."

"मग तिला वाट माहीत असेल. तू सॉसेज जाळू नकोस, म्हाताऱ्या."

उर्हो हसला नाही. मिरकाकडे बघून म्हणाला, "पोरी, तू नको जाऊस."

मिरका एकोणीसची. गाडी आडवी घालायला तिलाच शिकायचं होतं. पण रेयोची शिकवायची रीत म्हणजे स्वतः चालवायचं आणि शेजारच्याला ओरडायला लावायचं.

पहिले फेरे झकास झाले. खिळ्यांचे टायर बर्फ खरवडत होते, इंजिन गात होतं.

"बघ! बूड जिकडे पळतंय, तिकडेच चाक वळवायचं. ब्रेकला हात... म्हणजे पाय लावायचा नाही!"

"कळलं बाबा. आता मला दे."

"थांब गं."

"बाबा, दे ना. मला शिकायचंय, तुझी सर्कस नाही बघायची."

सर्कस म्हटल्यावर तो चिडला. त्याने जोर वाढवला. गाडी फांद्यांच्या इतक्या जवळून घसरली की एक फांदी मोडून काचेवर आली.

"उतरव मला!" मिरका किंचाळली.

"ओरड! ओरडलीस तर अजून जवळून नेतो!"

तेवढ्यात आवाज आला...

खट्.

रेयोने खाली पाहिलं. त्याचा पट्टा लागला होता.

त्याने लावला नव्हता. त्याचे दोन्ही हात चाकावर होते.

"हा काय चावटपणा?" तो मिरकावर खेकसला.

"मी हातही लावला नाही!"

त्याने बटण दाबलं. सुटेना. पट्टा मात्र हळूहळू आत ओढला जाऊ लागला... वर सरकला... गळ्यावर आला.

मग मिरकाच्या बाजूचं दार उघडलं. आपोआप, अदबीने, जसं एखाद्या बाईसाठी कुणी उघडून धरावं.

खाली बर्फ धावत होता. गार वारा आत घुसला. आणि त्या वाऱ्यात कुणीतरी अगदी कानाशी बोललं...

"उतर."

रेयोनेही ऐकलं. बाईचा आवाज. तोंडात पाणी भरल्यासारखा.

"बाबा, ब्रेक!"

त्याने ब्रेक दाबला. पायाखाली काहीच नव्हतं. चाक फिरवलं. चाक त्याच्या हातात उलटं वळलं, त्याचा अंगठा मोडला, कडकन. गाडीचं नाक फांद्यांकडे झालं.

"उतर," आवाज पुन्हा म्हणाला. या वेळी ओरडून.

मिरका उतरली नाही.

तिने गळ्यातला टोचा काढला आणि बापाच्या पट्ट्यात खुपसला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा टोचा निसटून रेयोच्या खांद्यात घुसला. तो डुकरासारखा ओरडला. ती थांबली नाही. रक्त समोरच्या काचेवर उडत होतं. पट्टा धाग्याधाग्याने फाटत होता.

त्याच वेळी फांद्या बोनेटवर मोडल्या...

आणि तळं फाटलं.

नाक पाण्यात गेलं. रेयोच्या बाजूचं दार बर्फाच्या कडेला दाबून बसलं. पाणी खिडकीतून छातीवर आदळलं. काळं, सुयांसारखं. बाहेर पडायला एकच वाट होती. मिरकाकडचं दार. मध्ये मिरका.

शेवटचा धागा तिने दातांनी तोडला. पट्टा तुटला.

यापुढचं रेयो सांगत नाही. म्हणतो, "आठवत नाही."

काठावरून उर्हो दोर घेऊन पोटावर सरपटत आला. रेयो भोकाच्या कडेला लटकत होता. उर्होने त्याला ओढून काढलं.

"मिरका कुठाय?"

रेयोचे दात वाजत होते. त्याने बोट दाखवलं. खाली.

गाडीचे मागचे दिवे पाण्याखाली लाल दिसत होते... मग विझले.

उर्होने बूट काढायला घेतले. तेव्हा त्याला मागून खोकला ऐकू आला.

मिरका बर्फावर पडलेली होती. भोकापासून चांगली लांब, फांद्यांच्या अलीकडे, जाड बर्फावर. कॉलर मागून ताणलेली. भोकापासून तिच्यापर्यंत ओल्या फरफटीची रेघ होती. कुणीतरी ओढत आणल्यासारखी.

ओढणाऱ्याची पावलं कुठेच नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरने तिच्या गालावरचा निळा डाग बघितला. गालाचं हाड चिरलं होतं.

"गाडीत आपटली," रेयो घाईने म्हणाला.

मिरकाने तोंड भिंतीकडे वळवलं.

दोन आठवड्यांनी ती उर्होकडे कॉफीला गेली. तेव्हा बोलली.

"उर्होकाका, ती मला दोनदा उतर म्हणाली. मी ऐकलं नाही. पट्टा तुटला तेव्हा ती तिसऱ्यांदा बोलली. चिडून नाही... दमून. म्हणाली, 'मीही थांबले होते.'"

उर्होने हातातला कप खाली ठेवला.

ती बाई म्हणजे औने. कालेर्वोची बायको, उर्होची सख्खी बहीण. हीच गाडी पहिल्यांदा खाली गेली तेव्हा कालेर्वो एकटाच वर आला होता. रडत सगळ्या गावाला सांगत सुटला, तिचा पट्टा अडकला हो, मी लई ओढला. गावाने त्याला तीस वर्षं सूप पाजलं, आधार दिला. बिचारा म्हणाले.

"तिला मी बाहेर काढलं होतं," उर्हो म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही आजवर." "पट्टा मोकळा होता तिचा. कधीच सोडलेला. कालेर्वोचा पट्टा मात्र कापलेला. सुरा तिच्या मुठीत होता."

"मग ती का नाही निघाली?"

उर्होने तिच्या गालाकडे पाहिलं.

"तिच्या तोंडावर," तो म्हणाला, "बुटाच्या टाचेची खूण होती."

मिरकाने कॉफी संपवली. कप धुऊन पालथा घातला. घरी गेली, बॅग भरली. रेयो दारात आडवा उभा राहिला. "बापाला असं सोडून जातेस?"

"पाय बाजूला घे," ती म्हणाली.

त्याने घेतला.

गाडी अजून खालीच आहे. सरकारी माणसं दोनदा काढायला आली. पाणबुड्या म्हणाला, आत कुणी नाही, फक्त शेजारच्या सीटचं, उजवीकडचं दार काही केल्या लागत नाही. लोटलं की परत उघडतं.