बालप्राधान्य

लोकरी टोपडे घातलेला भोपळा मोटारीच्या बालासनातून बाहेर काढताना डॉ. विद्याधर उकिडवे यांना हसू आले नाही. चाकणजवळच्या त्या वाहनसुरक्षा प्रयोगशाळेत तपासणीसाठी येणाऱ्या विद्युत्-मोटारींतून त्यांनी तांदळाच्या पिशव्या काढल्या होत्या, वाळू भरलेल्या बाहुल्या काढल्या होत्या. भोपळ्याचेही नावीन्य आता उरले नव्हते. आसन मात्र निर्दोष बसवलेले होते. दोन्ही आकडे खटक्यात अडकलेले, वरचा पट्टा ताणलेला, आधाराचा पाय बॅटरीवरच्या सपाट तळाला घट्ट टेकलेला.

"घरात लहान मूल नाही ना तुमच्या?" त्यांनी मोटारीच्या मालकांना विचारले.

"नाही," गोडांबे नावाचे ते निवृत्त गृहस्थ निर्विकारपणे म्हणाले. "शेजाऱ्यांकडेही नाही, आणि त्यांच्या गाडीत दोन आसनं आहेत. आम्हीच काय घोडं मारलंय?"

गोडांबे गेल्यावर उकिडवे थकून स्टुलावर टेकले. समोर त्यांच्या सहकारी, संगणनतज्ज्ञ रेशमा मुजावर, चहा घेऊन उभ्या होत्या.

"मुळापासून पाहू," उकिडवे म्हणाले. "टक्कर अटळ झाली, की दोन्ही गाड्या क्षणार्धात एकमेकींशी बोलतात. कोणी किती वेग तोडायचा, कोणी कठड्यावर जायचं, हे ठरवतात. याला आपण आघात-वाटप म्हणतो. एकीच्याच बालासनात वजन असेल, तर तिच्या वाट्याला कमीत कमी धक्का. उरलेला दुसरीनं सोसायचा. यात चूक कुठे आहे?"

"चूक नाहीच, सर. म्हणून तर भोपळे बसायला लागले."

"मग आसनाला जीवखूण ओळखायला शिकवा. श्वास, हृदयाचे ठोके. कापडातूनच टिपता येतील. भोपळा श्वास घेत नाही."

मुजावरांनी चहा त्यांच्यापुढे ठेवला. "मूल आहे, एवढं आसनाला कळेल. ते तिथे का आहे, हे नाही कळणार."

"'का' मोजता येत नाही, मुजावर. जे मोजता येत नाही, त्यावर नियम बांधता येत नाही."

"तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा भोपळ्याची भाजी केलेली बरी," मुजावर म्हणाल्या.

जीवखूण सक्तीची झाली. भोपळे स्वयंपाकघरांत परतले. रस्त्यावरची बालासने मात्र रिकामी झाली नाहीत. मोजणीत मुले अपेक्षेहून पुष्कळच अधिक भरली. पालक हल्ली मुलांना हौसेने हिंडवतात, असा निष्कर्ष उकिडव्यांनी अहवालात नोंदवला आणि त्यावर सही केली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी ऋजुता आणि जावई तन्मय यांनी नवी मोटार घेतली आणि बालासन बसवायला उकिडव्यांना आपल्या घरी, घाटाच्या पायथ्याशी, बोलावले. सकाळी अंगणात त्यांनी आसन बसवले. मग चार वर्षांच्या नातीला, मिहिकाला, ऋजुताने आणून बसवले, तेव्हा तिच्या अंगाखाली घडी घातलेली गोधडी होती.

"ही आधी काढ," उकिडवे म्हणाले. "धक्क्यात गोधडी दबते आणि पट्टा सैल पडतो. शाळेपर्यंत जायला गोधडी कशाला हवी?"

"शाळेत कुठे, बाबा? तन्मयबरोबर जातेय ती. कारखान्यात पोचून परत येईपर्यंत दिवस जातो. पाठ दुखते पोरीची."

"तन्मय कामावर जातो. ही का जाते?"

ऋजुताने वडिलांकडे पाहिले. या प्रश्नाचे उत्तर त्यांनाच ठाऊक नसावे, याचे तिला आश्चर्य वाटले. "घाट आहे, बाबा. एकटा गेला तर समोरच्याचा सगळा धक्का त्याच्या अंगावर. वरच्या आळीत तर ज्यांना मूल नाही, ते शेजारच्यांचं मागून नेतात."

उकिडवे अंगणाच्या फाटकापाशी उभे राहिले. रस्त्यावरून गाड्या घाटाकडे चालल्या होत्या. प्रत्येकीच्या मागच्या काचेत एक लहानसे डोके दिसत होते.

"दोन्ही गाड्यांत मूल असलं तर?" ऋजुताने विचारले.

"तर धक्का निम्मा निम्मा." उकिडवे रस्त्याकडेच पाहत म्हणाले. "नियम नव्हता, तेव्हा व्हायचा तसाच. तेव्हा मागची आसनं रिकामी असायची, एवढंच." ते वळले. "तिला उतरव, ऋजुता. आजच्या आज मी हा नियम काढायला सांगतो."

"निघायला किती दिवस लागतील?"

"महिने."

"तोवर तन्मयनं एकट्यानं जायचं? या सगळ्या गाड्यांमधून?"

 उकिडव्यांनी गोधडी काढून बाजूला ठेवली आणि पट्टा इतका नेमका आवळला, की त्याखाली एक बोट जेमतेम शिरावे.

तन्मय चालकाच्या जागी येऊन बसला. मिहिकाने खिडकीतून हात हलवला.

"संध्याकाळी येते हं, आजोबा," कामावर निघालेल्या माणसाच्या सुरात ती म्हणाली. "मी असले ना, की बाबांना लागत नाही."