दोन गिळलेले गोल

"अहो, ती वायर धरा जरा. ती नव्हे… लाल."

राजलक्ष्मीनं मान वर केली. शिडीच्या शेंड्यावर एक मुलगा उभा होता. खांद्यावर दोरीचं वेटोळं, काखेत भलामोठा कर्णा, आणि दोन्ही हात असे गुंतलेले की नाकावर माशी बसली असती तरी हाकलता आली नसती. खाली गल्लीत त्या क्षणी ती एकटीच होती. म्हणजे 'अहो' तीच.

तिनं एका हातानं कॉलेजची पुस्तकं छातीशी धरली आणि दुसऱ्यानं लाल वायर.

"हं. आता व्यायामशाळेच्या दारात माइक आहे ना, त्यात काहीतरी बोला. ऐकू येतंय का बघतो."

"काय बोलू?"

"काहीही. नाव सांगा."

बरं सांगेन नाव, असं मनाशी म्हणत ती माइकपाशी वाकली. पण लालबागच्या मसाल्याच्या दुकानांत सकाळपासून मिरची कुटली जात होती, आणि गिरगावच्या नाकाला तिची सवय नव्हती. नाव राहिलं बाजूला. अख्ख्या गल्लीला ऐकू गेली ती एक सणसणीत शिंक.

वरच्या गॅलरीतून एक बाई वाकल्या. "शंभर वर्सां जग गो. पण तू कोण?"

"आई, ही माझी राजी. कॉलेजातली," म्हणत मालन धडधडत जिना उतरली. "आणि दादा, तू तिला कामाला लावलंस? पाहुणी आहे ती."

शिडीवरचा दादा इतका हसला की शिडी हलायला लागली. पडतोय आता, राजीला वाटलं. पडला तर बरं, असंही लगेच वाटलं. आणि मग… नको, पडू नये. अनोळखी माणसाबद्दल इतक्या भराभर मत बदलायची तिला सवय नव्हती. तिनं घाईघाईनं वायर मालनच्या हातात दिली.

मंगळवार होता, छप्पन सालचा डिसेंबर. तिकडे मेलबर्नला ऑलिंपिकमध्ये आपली फुटबॉल टीम सेमीफायनलला पोचली होती. शनिवारीच ऑस्ट्रेलियाला त्यांच्या घरात चार गोल दिले होते, त्यातले तीन मुंबईच्या एकट्या खेळाडूचे. आज गाठ युगोस्लाव्हियाशी होती. आणि नेमका आजच राजीच्या घरच्या रेडिओचा व्हॉल्व्ह गेला होता. अण्णा, म्हणजे तिचे वडील, रेडिओसमोर आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे बसले होते. राजीला मात्र बसवेना. मालन म्हणाली होती, आमच्या व्यायामशाळेत ये. दादा रेडिओवरचं इंग्रजी ऐकून गल्लीला मराठीत सांगणार आहे, सभेच्या कर्ण्यावरून. राजीनं कॉलेजला चक्क दांडी मारली आणि गिरगावातून ट्रॅम पकडली.

राजीला फुटबॉल कळत होता. अगदी खरा कळत होता. अण्णांना एकट्यानं कूपरेजला जायचा कंटाळा, म्हणून ती सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या बोटाला धरून मॅच बघत आली होती. "बॉलकडे कोणीही बघतं," अण्णा म्हणायचे. "ज्याच्याकडे बॉल नाही त्याच्याकडे बघ. तो कुठे पळतो, त्यावरून टीमची लायकी कळते."

दादाचं नाव शरच्चंद्र. गल्लीच्या तोंडी शरू. इंग्रजी घेऊन बी. ए. करत होता, आणि आवाज असा की संयुक्त महाराष्ट्राच्या समितीची सभा लालबागला असो की परळला, घोषणा करायला त्यालाच बोलवायचे. आवाजात नुसती जरब नव्हती. मायाही होती. फुटबॉलचा मात्र त्याला गंध नव्हता. त्याचा खेळ हुतूतू.

हे राजीला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं.

रेडिओ व्यायामशाळेत दारालगत, लाकडी मुद्गलांच्या शेजारी टेबलावर. त्याच्या एका बाजूला शरूचा कान, दुसऱ्या बाजूला राजीचा. शॉर्टवेव्ह खरखरत होता. दोघांची डोकी इतकी जवळ आली की त्याच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास तिला येत होता… आणि तो येऊ नये म्हणून ती काहीच करत नव्हती.

"आपला गडी दम घेऊन घुसला," शरू माइकमध्ये गरजला. बाहेर गल्ली चिडीचूप. "एकाला हुल दिली… दुसऱ्यानं पट काढायला हात घातला… सुटला, सुटला, आणि मध्यरेषेकडे परत निघाला."

राजीनं माइकवर हात ठेवला. "परत कशाला निघेल तो?"

"मग काय तिथेच राहील?"

"गोल तिथेच असतो हो."

शरूनं तिच्याकडे पाहिलं. मग माइकवरच्या तिच्या हाताकडे. "तुम्ही हात काढलात तर दुरुस्त करतो," तो हळूच म्हणाला. तिनं चटका बसल्यासारखा हात काढला.

"मंडळी, दुरुस्ती. गडी परत निघालेला नाही. तिथेच राहिला आहे. गिरगावहून तशी बातमी आली आहे."

बाहेर हशा पिकला. राजीचे कान तापले. पण मग तिच्याही तोंडून निघायला लागलं. हा पास, हा थ्रो, हा कॉर्नर. ती कुजबुजायची, तो गरजायचा. हाफ टाइमपर्यंत गोल नाही, ना इकडे, ना तिकडे. आणि दुसऱ्या डावात, थोड्याच वेळात, रेडिओतला साहेब एकदम ओरडला. शरूला काही कळायच्या आत राजी ताडकन उठली होती.

"गोल. आपला गोल. सांगा ना."

त्यानं सांगितलं. गल्लीनं जे केलं ते केवळ लालबागनं करावं. कोणी थाळी बडवली, कोणी टोपी उडवली. मालनच्या आईनं, जाईबाईंनी, गॅलरीतून मूठभर साखर खाली भिरकावली. या वर्षी या गल्लीनं कर्ण्यावरून पुष्कळ बातम्या ऐकल्या होत्या. गोळीबाराच्या, बंदच्या, न परतलेल्या माणसांच्या. आनंदाची ही पहिलीच.

मग युगोस्लाव्हियानं बरोबरी केली. शरूनं तेही सांगितलं. आवाज जरा बसलेला.

मग त्यांचा दुसरा गोल झाला. शरूनं सांगितलं नाही.

"आपले गडी जोरात आहेत," तो म्हणाला. "चढाई चालू आहे."

राजीला वाटलं, ऐकू आलं नसेल. तिनं त्याच्यासमोर हात धरले. डाव्या हाताचं एक बोट आपलं, उजव्या हाताची दोन त्यांची. त्यानं बोटांकडे पाहिलं आणि नजर फिरवली. तिसरा झाला. उजव्या हाताचं आणखी एक बोट वर. शरू माइकमध्ये सांगत होता, सामना अटीतटीचा, एक–एक, कोणीही मागे हटत नाही.

आता तिनं माइक दोन्ही हातांनी झाकला. "तुम्ही खोटं सांगताय."

"बाहेर बघा जरा."

तिनं दारातून पाहिलं. रात्रपाळी करून आलेले लोक न झोपता पायऱ्यांवर बसले होते. कपड्यांना अजून कापूस चिकटलेला. एका म्हाताऱ्यानं मांडीवरच्या नातवाचे दोन्ही हात वर धरले होते, पुढच्या गोलची तयारी म्हणून.

"यांना मी काय सांगू?" शरू म्हणाला. आता त्याच्या आवाजात जरब नव्हती. "यंदा दर वेळी वाईट बातमी माझ्याच तोंडून ऐकली यांनी. एक दिवस… एकच दिवस बरं सांगितलं तर काय बिघडतं?"

तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, हीच पंचाईत.

"उद्या पेपरात स्कोअर येईल," ती म्हणाली. "तुमचा आवाज हे लोक डोळे मिटून खरा मानतात. संध्याकाळी याच कर्ण्यावरून तुम्ही सभा सांगणार. परवा एखादी खरोखरच चांगली बातमी येईल, मुंबईची, महाराष्ट्राची. तेव्हा कोणी म्हणालं, शरू काय, मनाचंही सांगतो… तर?"

रेडिओ खरखरत राहिला. मग शरूनं माइक उचलून तिच्यापुढे केला. "माझ्याच्यानं नाही होणार. तुम्हाला खेळ कळतो. तुम्ही सांगा."

"मी?" घरच्या दिवाणखान्याबाहेर ती कधी चार माणसांसमोर बोलली नव्हती. शिंक सोडली तर.

पण माइक हातात आला होता. जड होता, आणि त्याच्या तळव्यानं गरम झालेला.

"नमस्कार," ती म्हणाली. "मघाशी शिंकले ती मी."

गल्ली हसली. तिला धीर आला.

"आपण मागे आहोत. तीन–एक." हसू विझलं. ती थांबली नाही. थांबली असती तर रडली असती. "पण मी काय ऐकतेय ते ऐका. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये याच युगोस्लाव्हियानं आपल्याला दहा गोल दिले होते. दहा. तेव्हा आपली बरीच मुलं अनवाणी खेळली होती. आज त्याच टीमसमोर अर्धा सामना आपण गोल होऊ दिला नाही, आणि पहिला गोल आपण केला. आपण. साहेबाला आपल्या पोरांची नावं नीट घेता येत नाहीत, पण दर दोन वाक्यांनी तो 'लव्हली' म्हणतोय. का माहितीय? आपले लोक बॉल उगाच उंच उडवत नाहीत. जमिनीवरून, छोटे छोटे पास. एकानं दिला की देणारा थांबत नाही, मोकळ्या जागेत पळतो, परत घ्यायला. हे ताकदीचं काम नाही, विश्वासाचं आहे. दुसरा देईलच, या भरवशावर पळायचं. ते लोक धिप्पाड आहेत, जिंकतीलही. पण खेळ, म्हणजे ज्याला खेळ म्हणायचं तो… आपलाही तोडीचा आहे. आत्तासुद्धा, बघा, तीन गोल खाऊन आपण पुढेच चाललोय."

ती सांगत राहिली. चौथा गोल आपल्याच माणसाचा पाय लागून गेला, तोही तिनं सांगितला. शेवटची शिट्टी झाली. मग पायरीवरच्या त्या म्हाताऱ्यानं नातवाचे हात, वर धरलेले होते तेच, एकमेकांवर वाजवले. टाळी पसरत गेली. गॅलऱ्यांपर्यंत.

शरूनं माइक घेतला. "मंडळी, एक सांगायचं राहिलं. दुसरा आणि तिसरा गोल झाला तेव्हा मला कळलं होतं. मी गिळले. चूक झाली."

"मेल्या," जाईबाई वरून म्हणाल्या, "न्याहारी केलंस ना? मगे गोल कित्याक गिळलंस?" त्या हशात शरूची चूक धुऊन निघाली. मग जाईबाई राजीकडे वळल्या. "आणि तू गो, वर ये. घसो सुकलो असतलो तुझो."

दुपारी मालन आणि शरू तिला ट्रॅमच्या स्टॉपपर्यंत सोडायला निघाले. मालन चार पावलं पुढे, मुद्दाम, कोपऱ्यावरच्या बांगड्या बघत.

"शुक्रवारी ब्राँझची मॅच आहे," शरू म्हणाला. "याल?"

"अण्णांना विचारीन. रेडिओ दुरुस्त झाला नाही तर त्यांनाच घेऊन येईन."

"रेडिओ दुरुस्त होऊ नये." मग घाईनं, "म्हणजे… मला अजून खेळ कळत नाही. शिकवा ना."

"सोपं आहे. बॉलकडे बघायचं नाही. ज्याच्याकडे बॉल नाही त्याच्याकडे बघायचं. पुढे काय होणार ते त्याच्यावरून कळतं."

समोरून ट्रॅम घंटा वाजवत वळणावर आली.

"मघाशी माइक तुमच्याकडे होता," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे बॉल तुमच्याकडे होता."

"असं म्हणा."

"आणि माझ्याकडे काहीच नव्हतं." त्याचा तो गल्ली हलवणारा आवाज आता तिच्यापुरताच उरला होता. "मग… पाहिलंत माझ्याकडे?"

राजीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. पाहिलं होतं. बोलता बोलता सबंध वेळ पाहिलं होतं. तो दाराच्या चौकटीला टेकून, दोन्ही हात छातीशी बांधून, मॅच विसरून तिच्याकडे बघत होता. पण असं कोणी विचारतं का?

ट्रॅम थांबली. ती चढली. "उत्तर?" तो खालून म्हणाला.

"तुम्ही आधी सांगा. आणि खरं सांगा. गिळायचं नाही."

ट्रॅम हलली. तो बरोबर चालू लागला. "हरलो," तो म्हणाला. "शिंकलात तेव्हाच हरलो. एक–शून्य. तुमच्या बाजूनं."

कंडक्टर बघत होता. मालन बांगड्या सोडून बघत होती. कोपऱ्यावरचे पानवालेसुद्धा. राजीनं दांड्यावरचा हात सोडला, खांब कोपरात धरला, आणि दोन्ही हात वर केले. डाव्या हाताचं एक बोट. उजव्या हाताचं एक बोट.

"काय म्हणतेय ती?" मालननं पळत येऊन विचारलं.

शरू ट्रॅम दिसेनाशी होईपर्यंत उभा होता. मग म्हणाला, "चूक काढली माझी. बरोबरी आहे."